जुन्या गेमिंग पीसीवर कुठलं लिनक्स टाकू? (जीटीएक्स १०६०, विंडोज १० चा सपोर्ट संपलाय)

हडपसरकर

मंडळी, सल्ला हवाय. सगळं एकदम लिहितो म्हणजे परत परत विचारायला नको.

पीसी २०१७ ला जोडून घेतलेला. रायझन ५ १६००, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १०६० सहा जीबीवालं कार्ड, २४० जीबी एसएसडी आणि गेम्ससाठी एक टीबीची हार्ड डिस्क. मशीन आजही ठणठणीत आहे. पण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या यादीत पहिल्या पिढीचे रायझन नाहीतच. चालतं मशीन केवळ यादीत नाव नाही म्हणून भंगारात घालणं मला पटत नाही, म्हणून लिनक्स.

आता वापर. मी खेळतो विचर ३, एज ऑफ एम्पायर्स २ (डेफिनिटिव्ह एडिशन), जीटीए ५ ची स्टोरी (एपिकच्या ऑनलाईन दुकानाने मे २०२० मध्ये फुकट वाटला होता तोच) आणि शनिवारी रात्री मित्रांबरोबर सीएस २ (काउंटर-स्ट्राइक). मुलगा नववीत आहे, तो व्हॅलोरंट खेळतो. आणि बायको याच पीसीवर तिच्या संस्थेचे अहवाल मराठीत टाईप करते, त्यामुळे मराठी नीट लिहिता आलंच पाहिजे.

लिनक्सशी ओळख कॉलेजातली, उबुंटूवाले पोस्टाने फुकट सीडी पाठवायचे तेव्हाची. आता यूट्यूब उघडलं की प्रत्येक जण वेगळ्या डिस्ट्रोचं (म्हणजे लिनक्सच्या तयार आवृत्तीचं) नाव घेतो, बॅझाइट, नोबारा, कॅचीओएस, पॉप, मिंट. नक्की काय बघून ठरवायचं ते सांगा.

खटपट्या

बॅझाइट. विषय संपला.

लय_भारी_कोल्हापूर

कॅचीओएस! बॅझाइटमध्ये हात बांधल्यासारखं वाटतं राव. कॅची आर्च नावाच्या डिस्ट्रोवर बेतलंय, नवीन प्रोसेसरसाठी पॅकेजेस वेगळी कंपाईल करून देतात, कर्नलचा (सिस्टमच्या गाभ्याचा) शेड्यूलर, म्हणजे कुठलं काम आधी ते ठरवणारा भाग, तो पण वेगळा. तुमचा रायझन त्यात बसतो. एकदा बसवा, परत बोला.

टर्मिनलवाली

विषय अजून सुरू पण झाला नाही हो. डिस्ट्रोचं नाव सगळ्यात शेवटी येतं. आधी गेम्स, मग कार्ड, मग डिस्ट्रो, या क्रमाने बघा.

गेम्समध्ये तुमचं एक सोडून सगळं जमणार. सीएस २ लिनक्सवर थेट चालतो, वाल्वनेच (गेम आणि स्टीम दोन्ही या कंपनीचे) तसा दिलाय. विचर ३ आणि एज ऑफ एम्पायर्स स्टीम या गेमच्या दुकानातून प्रोटॉनवर (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारा थर) चालतात. जीटीए ५ ची स्टोरी हिरोइक नावाच्या लाँचरमधून एपिकचं खातं जोडून खेळता येईल. ऑनलाईन मात्र विसरा, सप्टेंबर २०२४ मध्ये त्यात बॅटलआय हे अँटीचीट (फसवून खेळणाऱ्यांना पकडणारा प्रोग्रॅम) आलं आणि लिनक्सवरून ऑनलाईन बंद झालं.

व्हॅलोरंट चालणार नाही. कुठल्याच डिस्ट्रोवर नाही. त्याचं व्हॅनगार्ड नावाचं अँटीचीट विंडोजच्या कर्नलमध्ये जाऊन बसतं, तो कर्नलच इथे नाही. "आमच्या डिस्ट्रोवर चालतो" असं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. हे घरात आधी बोलून घ्या, पोराला इन्स्टॉल झाल्यावर कळलं तर वर्षभर ऐकावं लागेल. :)

रात्रपाळी

+१ टर्मिनलवाली. फोर्टनाईट, पबजी, कॉल ऑफ ड्यूटी, नवीन बॅटलफील्ड ६, लीग ऑफ लीजंड्स, सगळ्यांचं हेच. एपेक्स आधी चालायचा, ३१ ऑक्टोबर २०२४ ला त्यांनी लिनक्स बंद केलं. उलट एल्डन रिंगमध्ये अँटीचीट असून तो मस्त चालतो, कारण ते अँटीचीट लिनक्सवर चालू करायचं की नाही हे गेमवाल्यांच्या हातात असतं. तंत्रज्ञान अडलेलं नाहीये, त्यांची इच्छा नाहीये. याचा मला खरंच राग येतो.

आयटीतला_आबा

जरा मागचं सांगतो, नवीन वाचणाऱ्यांना उपयोग होईल.

वाईन म्हणजे विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर, त्याचं काम १९९३ पासून चालू आहे. आम्ही तेव्हा त्यावर एखादा छोटा प्रोग्रॅम उघडला तरी शेजाऱ्याला बोलावून दाखवायचो. खरा बदल झाला २०१८ च्या ऑगस्टमध्ये, वाल्वने प्रोटॉन आणलं. आत वाईन आहेच, पण त्यात डीएक्सव्हीके बसवलं, म्हणजे गेम डायरेक्टएक्स ९, १०, ११ (विंडोजची ग्राफिक्सची भाषा) मध्ये बोलतो आणि हा थर ते व्हल्कनमध्ये (लिनक्सवरही चालणारी तशीच भाषा) नेऊन कार्डाला सांगतो. डायरेक्टएक्स १२ साठी व्हीकेडी३डी-प्रोटॉन वेगळं. हे डीएक्सव्हीके सुरू कसं झालं माहितेय का? एका माणसाला निअर ऑटोमॅटा लिनक्सवर खेळायचा होता म्हणून त्याने लिहायला घेतलं. पुढे वाल्वने त्यालाच कामावर घेतलं. एका माणसाच्या हट्टावर आज हजारो गेम्स चालतायत, मला हे फार थोर वाटतं.

मग फेब्रुवारी २०२२ ला स्टीम डेक (वाल्वचा हातात धरून खेळायचा पीसी) आला, तो आर्चवरच्या स्टीमओएसवर. डेकवर गेम चालला पाहिजे म्हणून गेम कंपन्या प्रोटॉनकडे लक्ष देऊ लागल्या, आणि त्याचा फायदा आपल्या साध्या पीसीला झाला.

हे सांगायचं कारण, प्रोटॉन सगळ्या डिस्ट्रोंवर तेच असतं. स्टीम ते स्वतः उतरवतं. म्हणून डिस्ट्रो बदलल्याने गेम चालायला लागला असं फारसं होत नाही. गेम चालतो का ते प्रोटॉनडीबीवर बघा, तिथे लोक आपापल्या मशीनची माहिती देऊन प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर असे शेरे देतात. नुसता शेरा बघू नका, खाली आपल्या कार्डवाल्याने काय लिहिलंय ते वाचा.

नागपुरी_संत्रं

आबांचं सगळं बरोबर आहे, पण डिस्ट्रोनं काहीच फरक पडत नाही असं नाही ना बावा. आमच्याकडं उन्हाळ्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही. माझ्याकडं आधी एक रोलिंग (सतत नवी होत राहणारी) डिस्ट्रो होती, अपडेट चालू असताना लाईट गेली, आणि मशीन चालू केली तर काळा स्क्रीन अन् एक कर्सर. यूपीएसची बॅटरी तेव्हाच बसायची होती का! रात्री लाइव्ह यूएसबीवरून सगळं परत लावलं.

त्यानंतर बॅझाइटवर आलो. फेडोरा या डिस्ट्रोच्या ॲटॉमिक प्रकारावर आहे. अपडेट म्हणजे आख्खी नवी इमेज बाजूला तयार होते, चालू सिस्टमला हात लागत नाही, रीबूट केलं की नवी चालू. मधे लाईट गेली तर जुनीच उठते. नवीनमध्ये काही बिघडलं तर बूट मेन्यूत खालची ओळ निवडायची, कालची सिस्टम परत हजर. लाईटची बोंब असणाऱ्या गावात याच्यासारखं काही नाही.

लय_भारी_कोल्हापूर

@नागपुरी_संत्रं भावा ते कॅचीमध्ये पण होतं की. बीटीआरएफएस (डिस्क फॉरमॅट करायची एक पद्धत) घेतलं तर स्नॅपशॉट, म्हणजे सिस्टमच्या त्या वेळच्या प्रती, पडतात, बूट मेन्यूतून मागं जाता येतं.

नागपुरी_संत्रं

होतं, पण तिथं काय होतंय ते आपल्याला समजलं पाहिजे. इथं माझी आई पण खालची ओळ निवडू शकते.

पेठेतला_पेंग्विन

सगळे एक गोष्ट सोडून बोलताय. धागाकर्त्याचं कार्ड १०६० आहे! पास्कल, एनव्हिडियाची जुनी पिढी!

एनव्हिडियाच्या लिनक्स ड्रायव्हरमध्ये ५८० ही पास्कलला (आणि त्याआधीच्या मॅक्सवेलला) सांभाळणारी शेवटची शाखा. ५९० पासून जीटीएक्स ९०० आणि १००० मालिका बाहेर. डिसेंबर २०२५ मध्ये आर्चने मुख्य पॅकेज ५९० वर नेलं, तेही एनव्हिडियाच्या ओपन मॉड्यूलवर (कर्नलला जोडायचा ड्रायव्हरचा खुला भाग), आणि ती मॉड्यूल्स १६०० मालिका किंवा आरटीएक्स असेल तरच चालतात. १०६० वाल्याने न वाचता अपडेट मारलं की डेस्कटॉप गेला. एयूआरमधून (आर्च वापरणाऱ्यांनीच बनवलेल्या पॅकेजेसचा साठा) ५८० चं पॅकेज घेऊन चालतं, पण मग दर कर्नल अपडेटला ते मॉड्यूल नीट बांधलं जातंय ना हे आपण बघायचं.

त्यामुळे हडपसरकर, तुमच्यासाठी प्रश्न "कुठलं लिनक्स सगळ्यात वेगवान" हा नाहीच. ५८० शाखा कुठे शांतपणे वर्षानुवर्षं राहील, हा आहे. माझ्या मते लिनक्स मिंट किंवा उबुंटू एलटीएस (लांब सपोर्टवाली आवृत्ती). मिंट २२ ला एप्रिल २०२९ पर्यंत सपोर्ट आहे. ड्रायव्हर मॅनेजर उघडा, ५८० निवडा, रीबूट करा, झालं.

आणि हा लिनक्सचा दोष नाही बरं. विंडोजवरही पास्कलचे गेम रेडी ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पासून थांबले, आता फक्त सुरक्षेचे अपडेट. कार्डाचं वय झालंय.

हडपसरकर

अरे बापरे, ही ड्रायव्हरची भानगड कुठल्याच व्हिडिओत ऐकली नव्हती. धन्यवाद पेंग्विनराव.

खटपट्या

बॅझाइट डाउनलोड करताना ते कार्ड विचारतात, जीटीएक्स ९०० आणि १००० साठी वेगळी इमेज आहे, तीच घ्यायची. म्हणून बॅझाइट बाद होत नाही. फक्त जुन्या एनव्हिडियावर तो टीव्हीसारखा पूर्ण स्क्रीन गेमिंग मोड मिळत नाही, डेस्कटॉपवाली आवृत्ती घ्या.

मिंटातमिंट

मिंटवाला आला! (सही बघून ओळखलंच असेल.)

स्टीमरोलर

गेमिंगसाठी मिंट? कर्नल जुना, मेसा (ग्राफिक्स ड्रायव्हरचा संच) जुना, डेस्कटॉप अजून एक्स११ वर (स्क्रीनवर चित्र दाखवायची जुनी व्यवस्था). २०२६ मध्ये नवीन माणसाला मिंट सुचवणं म्हणजे त्याला जुन्या रस्त्याने पाठवणं आहे. एचडीआर (जास्त उजेड-रंगांचं चित्र) नाही. दोन मॉनिटर वेगळ्या रिफ्रेश रेटचे असतील तर मिंटच्या सिनॅमन डेस्कटॉपवर रखडत चालतं. केडीई प्लाझ्मा ६ हा डेस्कटॉप आणि वेलँडवर (एक्स११ च्या जागी आलेली नवी व्यवस्था) हे सगळं सुटलंय. फेडोरा केडीई किंवा नोबारा घ्यावं.

पेठेतला_पेंग्विन

@स्टीमरोलर तुमचा मुद्दा नवीन कार्डवाल्याला शंभर टक्के लागू. एएमडीचं आरएक्स ९०७० घेतलेल्या माणसाला मी मिंट कधीच सांगणार नाही, त्याला ताजा कर्नल आणि ताजा मेसा लागतोच, कारण एएमडीचा ड्रायव्हर त्यातच असतो.

पण इथे कार्ड एनव्हिडियाचं आहे. मेसा जुना की नवा याचा १०६० ला काही संबंध नाही, त्या कार्डाचा ड्रायव्हर वेगळा येतो. मॉनिटर त्यांनी एकच सांगितलाय (सांगितलाच नाही, पण २०१७ च्या बजेट पीसीला दोन नसतील असं धरतोय). एचडीआर नाही. आणि मिंट २२.२ ला कर्नल ६.१४ आहे, २०१७ च्या रायझनला अजून काय हवं?

स्टीमरोलर

ठीक, या मशीनपुरतं मान्य. पण "नवीन माणसाला मिंट" हे सरसकट उत्तर थांबवा एवढंच म्हणणं आहे. लोक नवीन कार्ड घेतात, मिंट टाकतात, चाचपडतात आणि मग लिनक्सला शिव्या देऊन परत जातात.

टर्मिनलवाली

दोघेही बरोबर आहात. :)

एक भर घालते. पास्कलवर डायरेक्टएक्स १२ चे गेम्स लिनक्समध्ये फार मार खातात. डायरेक्टएक्स ११ बरे चालतात. विचर ३ चं डिसेंबर २०२२ चं मोठं अपडेट आल्यापासून सुरू करताना दोन पर्याय दिसतात, डायरेक्टएक्स ११ आणि १२. तुम्ही डोळे झाकून ११ घ्या. १२ वर सुरू केलात तर शहरात शिरल्यावर गेम अडखळेल आणि तुम्ही डिस्ट्रोला दोष द्याल.

वाईवाला

एक शंका. मी हार्ड डिस्क तीच ठेवून, विंडोजमधले गेम्स तसेच लिनक्सच्या स्टीमला दाखवले तर चालतील ना? परत ८० जीबी उतरवायचं जिवावर येतंय.

रात्रपाळी

@वाईवाला नका करू. एनटीएफएस (विंडोजच्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या) डिस्कवर प्रोटॉन अर्धवट चालतं. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी एक खोटी सी ड्राइव्ह बनवतं, त्यात फाईलीच्या नावात कोलन येतो आणि सिमलिंक (दुसऱ्या फाईलकडे बोट दाखवणाऱ्या खुणा) असतात, विंडोजला हे चालत नाही. आज गेम उघडेल, उद्या विंडोजने डिस्क तपासली की त्या फाईली "दुरुस्त" करून टाकेल. डिस्क लिनक्सच्या एक्सटी४ किंवा बीटीआरएफएसने फॉरमॅट करा.

पण परत उतरवायची गरज नाही. स्टीमच्या "कॉमन" फोल्डरमधला गेमचा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा, लिनक्समध्ये स्टीमच्या त्याच जागी ठेवा आणि इन्स्टॉल दाबा. स्टीम आहे त्या फाईली तपासतं आणि जे कमी तेवढंच आणतं.

आणि ड्युअल बूट ठेवणार असाल तर विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर ती ड्राइव्ह लिनक्सला लिहिता येत नाही. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की आधी कागदावर लिहून घ्या. मोबाईलमध्ये नको, कागदावर.

गोंयकार

सगळे एवढी डोकेफोड करताहेत, सरळ स्टीमओएसच का टाकू नये? वाल्वचंच आहे, गेमिंगसाठीच केलंय.

आयटीतला_आबा

@गोंयकार ते हँडहेल्डसाठी आणि एएमडीसाठी बनवलंय. एनव्हिडियाचा ड्रायव्हर त्यात नाही, १०६० वर चित्रच नीट येणार नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये वाल्वने स्टीम मशीन जाहीर केलं, तेही एएमडीवरच. तुम्हाला तो अनुभव हवा असेल तर एएमडी कार्ड आणि बॅझाइट, हे जवळपास तेच. स्टीम डेक तर भारतात अधिकृत विक्रीला आलाच नाही, ज्यांच्याकडे आहे त्यांनी बाहेरून आणलाय.

म्युनिकमधली_मीरा

टीव्हीला जोडणाऱ्यांसाठी एक सूचना, इथे आमच्याकडे दिवाणखान्यात हाच सेटअप आहे. एएमडी कार्ड असेल आणि फोर के टीव्हीवर १२० हर्ट्झ पाहिजे असेल तर आधी नीट चौकशी करा. एचडीएमआय २.१ चा कोड ओपन सोर्स ड्रायव्हरमध्ये टाकायला एचडीएमआय फोरमने २०२४ मध्ये एएमडीला नकार दिला. मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट असतं म्हणून प्रश्न येत नाही, टीव्हीला ते नसतं. आम्ही डिस्प्लेपोर्टवरून एचडीएमआय करणारा अडॅप्टर लावलाय, चित्र छान येतं, फक्त व्हीआरआर (गेमप्रमाणे बदलणारा रिफ्रेश रेट) मिळत नाही.

एवढं सोडलं तर लिनक्सवर एएमडी म्हणजे निवांतपणा. ड्रायव्हर शोधायचा नाही, टाकायचा नाही, कर्नलमध्येच असतो.

मिंटातमिंट

हडपसरकर, वहिनींच्या मराठी टायपिंगचं कोणी बोललंच नाही, ते मी सांगतो. घरात लिनक्स टिकतं की नाही हे गेमवर ठरत नाही, घरातल्या दुसऱ्या माणसाचं काम अडतं की नाही यावर ठरतं.

त्या कशा टाईप करतात? इनस्क्रिप्ट (थेट देवनागरी कीबोर्ड) असेल तर कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठी लेआऊट जोडला की झालं. इंग्रजी अक्षरांवरून लिहीत असतील तर आयबस (इतर भाषांत टाईप करायचं सॉफ्टवेअर) आणि त्याचं एम१७एन पॅकेज टाका. त्यात मराठीसाठी आयट्रान्स, फोनेटिक, रेमिंग्टन आहेच, शिवाय चक्क गमभन आहे! मराठी संकेतस्थळांवर वर्षानुवर्षं बोटांना जी सवय लागली तीच. मी पहिल्यांदा यादीत ते नाव बघितलं तेव्हा इतका आनंद झाला.

मिंटमध्ये इनपुट मेथड असा पर्याय मेन्यूतच आहे. केडीई आणि वेलँड घेतलंत तर सेटिंग्जमध्ये व्हर्च्युअल कीबोर्ड या पानावर जाऊन आयबस वेलँड निवडावं लागतं, हे लोकांना सापडत नाही आणि मग "लिनक्समध्ये मराठी येत नाही" अशी बोंब होते.

फाँट नोटो आणि लोहित असतातच. मुक्ता पण टाका, अहवालाला छान दिसतो.

टर्मिनलवाली

@मिंटातमिंट गमभन!!! हे मला माहीत नव्हतं. आत्ता टाकलं, हा प्रतिसाद त्यातूनच लिहितेय.

वाईवाला

माझ्या ताईचं डीटीपीचं काम आहे, जुन्या श्रीलिपी फाँटातल्या फाईली आहेत ढिगाने. त्यांचं काय?

मिंटातमिंट

@वाईवाला त्या फाईली युनिकोडमध्ये नाहीत, अक्षरं फाँटवर अवलंबून आहेत. युनिकोडमध्ये बदलून घेता येतात, पण जोडाक्षरं तपासावी लागतात. रोजचं काम त्यावर असेल तर त्या मशीनला हात लावू नका, विंडोज राहू द्या. उगाच कोणाच्या पोटावर लिनक्स नको.

जुनाट_जीपीयू

अवांतर: जुने गेम खेळणाऱ्यांनी वाईन जरूर बघा. नव्वदीतले कित्येक गेम्स १६ बिटचे होते, निदान त्यांचे इन्स्टॉलर तरी. ६४ बिट विंडोजवर ते उघडतच नाहीत, ती सोयच काढून टाकलीय. ६४ बिट लिनक्सवर वाईनमध्ये उघडतात. डॉसवाले प्रिन्स, डेव्ह वगैरे डॉसबॉक्समध्ये. माझ्या मुलीने डेव्ह बघून विचारलं, "बाबा हा नवीन आहे का? छान आहे."

गोंयकार

डेव्ह! शाळेच्या लॅबमध्ये सरांची पाठ वळली की चालू.

रात्रपाळी

आणि अजून एक अवांतर, पुण्यात बनलेला राजी हा गेम मी प्रोटॉनवरच पूर्ण केला. भिंतींवरची चित्रं, छायाबाहुल्यांच्या खेळासारखे मधले प्रसंग. आपल्याकडे असं काम होतंय हे बघून बरं वाटतं.

स्टीमरोलर

मुद्द्यावर येऊ. मिंट किंवा उबुंटू घेतलंत तर स्टीम कुठून टाकता ते बघा. उबुंटूच्या सॉफ्टवेअर सेंटरमध्ये स्टीम शोधलं तर स्नॅप (उबुंटूचा स्वतःचा पॅकेज प्रकार) मिळतं, ते नको. वाल्वच्या लोकांनीच सांगितलंय की स्नॅपमुळे अडचणी येतात, त्यांच्या साईटवरचं डेब (उबुंटू-मिंटचं नेहमीचं पॅकेज) घ्या. मिंट स्नॅप वापरतच नाही, त्यामुळे तिथे हा गोंधळ कमी.

पॉपचं नाव यादीत आहे म्हणून सांगतो, २०२१ मध्ये लायनस टेक टिप्सच्या व्हिडिओत पॉपवर स्टीम टाकताना आख्खा डेस्कटॉपच उडाला होता. ती पॅकेजमधली चूक लगेच दुरुस्त झाली, पण भीती लोकांच्या मनात अजून आहे. आता पॉपवर त्यांचा स्वतःचा कॉस्मिक डेस्कटॉप आलाय, बघायला सुंदर आहे, पण नवा आहे, मी अजून थोडं थांबेन.

लय_भारी_कोल्हापूर

नोबाराबद्दल पण सांगा की कोणीतरी. प्रोटॉन-जीई (प्रोटॉनची सुधारित आवृत्ती) करतो तो ग्लोरियस एगरोल, त्याचीच आहे.

आयटीतला_आबा

नोबारा चांगलं आहे, पण मुख्यतः एका माणसाच्या खांद्यावर आहे. बॅझाइटचंही थोडं तसंच. जून २०२५ मध्ये फेडोरात ३२ बिट पॅकेजेस बंद करायचा प्रस्ताव आला तेव्हा बॅझाइटच्या संस्थापकाने लिहिलं होतं की असं झालं तर आम्हाला थांबावं लागेल, कारण स्टीमला आणि कित्येक जुन्या गेम्सना ३२ बिट लागतं. प्रस्ताव मागे घेतला, संकट टळलं. पण छोट्या प्रकल्पांचं हे असतं. मी त्यांना कमी लेखत नाही, ही मंडळी जीव ओतून काम करतात. घरातला एकच पीसी असेल तर मात्र मी मोठ्या, जुन्या घराण्याची डिस्ट्रो घेईन.

खटपट्या

आबा, बॅझाइटवरून दुसऱ्या इमेजवर जाणं एका कमांडचं काम आहे, तेवढं घाबरायचं कारण नाही. पण तुमचा मुद्दा समजला.

लेकुरवाळी

मी गेम खेळत नाही, पण घरात हाच वाद झालाय म्हणून लिहिते. आमच्या चिरंजीवांचाही व्हॅलोरंट. त्याचे बाबा म्हणाले लिनक्स टाकतो, त्याचं तोंड एवढंसं झालं. तो गेम त्याच्यासाठी नुसता गेम नाहीये, शाळेतले मित्र संध्याकाळी तिथेच भेटतात. तो बंद केला तर त्याच्या गप्पांतून तो बाहेर पडतो. मोठ्यांनी ठरवताना एवढं लक्षात घ्या.

टर्मिनलवाली

लेकुरवाळी, फार महत्त्वाचं लिहिलंत.

हडपसरकर, उपाय आहे. विंडोज १० ला लांबवलेले सुरक्षा अपडेट घरगुती लोकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, त्यात नाव नोंदवा. विंडोज एका डिस्कवर, लिनक्स दुसऱ्या वेगळ्या एसएसडीवर. एकाच डिस्कवर दोन्ही नको, विंडोजचं अपडेट कधीकधी बूटलोडरला धक्का देतं. इन्स्टॉल करताना विंडोजवाल्या डिस्कची केबल काढून ठेवा, मग कुठे चुकायची भीतीच नाही. मुलगा तिकडे खेळेल, बाकी बँक, मेल, अहवाल सगळं लिनक्सवर.

वाईवाला

आणि २०२६ च्या ऑक्टोबरनंतर?

रात्रपाळी

तोपर्यंत प्रोसेसर बदला. त्याच एएम४ (प्रोसेसरच्या सॉकेटचं नाव) बोर्डवर बायॉस अपडेट करून रायझन ५ ५६०० बसत असेल तर तो विंडोज ११ च्या यादीत आहे. बोर्डाच्या कंपनीच्या साईटवर प्रोसेसरची यादी बघायची, बायॉस कुठल्या आवृत्तीपासून चालतो ते तिथे लिहिलेलं असतं. बायॉस अपडेट करताना यूपीएस चालू आहे ना ते बघा, नागपूर असो वा हडपसर!

नागपुरी_संत्रं

मनातलं बोललास भाऊ.

हडपसरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढ्या आपुलकीने कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. काय केलं ते लिहितो.

मुलाशी बोललो. विंडोज त्याच्या डिस्कवर तसंच आहे, अपडेटसाठी नाव नोंदवलं. नवीन एसएसडी घेतला, जुन्या डिस्कच्या केबल काढल्या आणि मिंट टाकलं. ड्रायव्हर मॅनेजरने ५८० समोरच सुचवला. रीबूट केलं आणि मॉनिटर स्वतःहून बरोबर रिझोल्यूशनवर आला.

विचर ३ डायरेक्टएक्स ११ वर. पहिल्यांदा सुरू करताना "व्हल्कन शेडर्स" म्हणून एक पट्टी बराच वेळ सरकत होती, मला वाटलं अडकलं. चहा करून आलो तर गेम उघडलेला. नोविग्राडच्या बाजारात घोडा नेला, विंडोजवर जसं चालायचं तसंच चालतंय. मँगोहुड (गेमचा वेग दाखवणारं टूल) लावून बघितलं, आकडे मागच्यापेक्षा थोडे कमी आहेत, पण न बघितले तर कळणार नाहीत. जीटीए हिरोइकमधून सुरू झाला, रॉकस्टारच्या लाँचरमध्ये बॅटलआय बंद करावं लागलं. सीएस २ शनिवारी खेळलो, मित्रांना सांगेपर्यंत कळलं नव्हतं.

एज ऑफ एम्पायर्समध्ये मात्र ऑनलाईन खेळताना आवाज तुटतोय. यावर कोणाला काही माहीत आहे का?

आणि गमभन! बायकोने पहिला अहवाल त्यातून लिहिला. तिने विचारलं ते एवढंच, की हे आधी का नाही टाकलंस.

जुनाट_जीपीयू

@हडपसरकर स्टीममध्ये गेमच्या प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, तिथे प्रोटॉन एक्सपेरिमेंटल निवडून बघा. नाही गेलं तर प्रोटॉनअप-क्यूटी टाकून प्रोटॉन-जीई आणा आणि ते निवडा. आवाजाचं बहुतेक वेळा यातच सुटतं.

हडपसरकर

प्रोटॉन-जीईने गेलं. आवाज स्वच्छ. __/\__

सोलापूरची_चादर

हाच धागा वाचून विचारतेय. भाऊ नवीन पीसी बांधतोय, आरएक्स ९०६० एक्सटी, रायझन ५ ७६००, लॅमिंग्टन रोडला जाऊन सामान आणणार आहे. फक्त सिंगल प्लेयर खेळतो. मिंटच टाकू का?

पेठेतला_पेंग्विन

ताई, तुमच्या भावासाठी मिंट नको. कार्ड नवीन आहे, बॅझाइट किंवा फेडोरा केडीई घ्या, ड्रायव्हरचं काहीच करायचं नाही.

स्टीमरोलर

पेंग्विनराव, आज पूर्ण सहमत. आणि मॉनिटरला डिस्प्लेपोर्टची केबल आहे का बघून घ्या, बऱ्याचदा खोक्यात फक्त एचडीएमआय येते. लॅमिंग्टन रोडलाच घेऊन टाका म्हणावं, दुसरी चक्कर वाचेल.